लांबचा प्रवास, थोडं डांबर थोडी माती: हलकी मोटरसायकल घ्यावी की मोठी?

आडवाट

सुमारे १२,००० किलोमीटरचा प्रवास ठरवलाय. एकटाच जाणार, हाताशी तीन महिने. अंदाजे सत्तर टक्के डांबर. उरलेलं खडी, रेती, चिखल आणि पाण्यातून जाणारे कच्चे रस्ते. दोन गाड्यांवर अडकलोय: होंडा सीआरएफ ३०० एल (वजन सुमारे १४२ किलो) किंवा यामाहा टेनेरे ७०० (सुमारे २०५ किलो).

माझं मत आधीच सांगतो, मग खोडून काढा. गाडी हलकीच हवी. मागच्या एका फेरीत मित्राची अडीचशे किलोची गाडी माझ्याकडे होती, वर दोन्ही बाजूंना भरलेले पेटारे. कोरड्या नदीच्या पात्रात, गोट्यांमध्ये तीनदा पडलो. पहिल्यांदा उचलली. दुसऱ्यांदा सामान सोडून उचलली. तिसऱ्यांदा हातच उचलेनात. टाकीच्या झाकणातून पेट्रोल थेंबथेंब गळत होतं आणि ते थांबवावं म्हणून गाडी निदान सरळ व्हावी, एवढंही माझ्याच्याने झालं नाही. दोन तासांनी एक ट्रॅक्टरवाला आला. त्या दिवसापासून माझा नियम एकच: दमलेला असताना, सामानासकट, एकट्याला उचलता येत नाही ती गाडी आपली नाही.

लांबपल्ला

नियम चांगला आहे, पण तुम्ही प्रवासातला सगळ्यात वाईट तास धरून तीन महिन्यांची गाडी निवडताय. सत्तर टक्के डांबर म्हणजे ८,४०० किलोमीटर. तिथे ३०० सीसीची गाडी काय करते ते अनुभवून सांगतो. समोरून वारा, मागे सामान, नव्वदचा वेग. मी ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर निघालो. ट्रकच्या आडोशाला गाडी पळत होती. केबिनच्या पुढे नाक काढलं आणि वाऱ्याची भिंत लागली. अ‍ॅक्सिलरेटर आधीच पूर्ण पिळलेला, देण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. समोरून गाडी येत होती. ब्रेक मारून पुन्हा ट्रकच्या मागे शिरलो. पात्रात पडून फार तर आरसा फुटतो, तिथे जीव गेला असता.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. म्हणून कमी ताकदीच्या गाडीला ऐंशी आणि शंभर यांतला फरक फार महाग पडतो. शिवाय सीआरएफची टाकी ७.८ लिटरची आणि सीट पट्टीसारखी अरुंद. संध्याकाळी कच्च्या रस्त्याला लागाल तेव्हा अंगात काही उरलेलंच नसेल. मग पडणारच.

आणि मोठी गाडी मातीत चालत नाही हे मला पटत नाही. १९८१ ची पॅरिस-डाकार, म्हणजे वाळवंटातून जाणारी लांबपल्ल्याची शर्यत, ह्यूबेर ऑरिओलने बीएमडब्ल्यूच्या दोन सिलिंडरच्या गाडीवर जिंकली होती.

आडवाट

आणि १९७९ ची पहिली डाकार? सिरिल नेव्हूने यामाहा एक्सटी ५०० वर जिंकली; एका सिलिंडरची साधी गाडी. आज तर डाकारमध्ये ४५० सीसीच्या वर परवानगीच नाही. पण तो दाखला दोन्ही बाजूंनी सोडून देऊ. त्यांचं सामान वाहायला मागे ट्रक असतो, माझं माझ्याच पाठीशी.

ट्रकचा प्रसंग मात्र मनाला लागला. त्याचा विचार मी केला नव्हता.

दहाचापाना

पंधरा वर्षं गाड्या खोलतोय. सीसीवरून भांडण चाललंय, पण प्रवास अडतो तो दुसऱ्याच ठिकाणी.

हलक्या गाडीची मागची सबफ्रेम, म्हणजे सीट आणि सामान तोलणारा सांगाडा, बघा. गाडीच्या पुस्तकात कमाल भार दिलेला असतो आणि त्यात चालवणाराही धरलेला असतो. चालवणारा ऐंशी किलो, त्याचं जॅकेट-बूट-हेल्मेट आठ-दहा किलो, वर तीस किलो सामान. हलक्या गाडीची मर्यादा बघता बघता ओलांडली जाते. मग खडखडाटाच्या रस्त्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी वेल्डिंगपाशी केसासारखी चीर दिसते. धुळीत ती लपते. रोज संध्याकाळी तिथे ओल्या फडक्याने पुसून बोट फिरवा.

दुसरं, पंक्चर. लांबपल्ला, तुमच्या टेनेरेलाही ट्यूबच आहे, आडवाटच्या सीआरएफलाही. म्हणजे दोघांनाही चाक काढायचंय, बीड (रिममध्ये घट्ट बसलेली टायरची कड) सोडवायचंय, लिव्हरने टायर उतरवायचाय. ट्यूबलेसला सुई-दोरीने दहा मिनिटांत काम होतं, पण अलॉयच्या चाकाची कड दगडावर आपटून वाकली किंवा तडकली तर हवाच धरत नाही. स्पोकची रिम वाकली तरी ठोकून सरळ होते, ट्यूब टाकून गाडी पुढे जाते. मातीसाठी मी स्पोकच घेईन. मात्र निघण्याआधी घरच्या अंगणात, स्वतःच्या लिव्हरने, स्वतःच्या पंपाने, एकदा मागचं चाक काढून ट्यूब बदला. पहिल्या वेळी निम्मे लोक नवी ट्यूब लिव्हरमध्ये चिमटून तिलाच भोक पाडतात. ते घरी होऊ दे.

डोंगरवेडी

माझी उंची १५७ सेंटीमीटर, म्हणून हे लिहिते. सगळे हलकी-हलकी म्हणताहेत, पण हलकी म्हणजे ठेंगणी नव्हे! सीआरएफ ३०० एलची सीट ८८० मिलिमीटरवर आहे, टेनेरेची ८७५. दोन्हींवर माझ्या पायाची बोटंसुद्धा नीट टेकत नाहीत. उतरत्या दगडी रस्त्यावर थांबायचं, पाय टेकायला जावं आणि खाली खड्डा असावा. मी अशीच पडले आहे, वजनामुळे नाही.

मी रॉयल एनफिल्डची जुनी ४११ सीसीची हिमालयन चालवते. २०१६ ला आली तीच. सीट ८०० वर, टाकी १५ लिटर, पुढचं चाक २१ इंची. वजन १९९ किलो, म्हणजे टेनेरेच्या जवळपास! आणि ताकद २४ बीएचपीच्या आसपास. कागदावर दोन्हीकडून तोट्यातली गाडी. पण वजन खाली बसलंय आणि दोन्ही तळपाय जमिनीवर टेकतात, त्यामुळे ती पडतच नाही. पडलेली गाडी उचलता येते का, हे विचारण्याआधी ती पडू न देणं जमतं का, हे बघा ना.

लांबपल्ला

डोंगरवेडी, तुमचा मुद्दा मान्य. पण २४ बीएचपीने ओव्हरटेकचा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो.

डोंगरवेडी

सुटत नाही, खरं आहे. मी ओव्हरटेक सोडून देते. सरळ, लांबवर मोकळा रस्ता दिसेपर्यंत ट्रकमागे अंतर ठेवून साठने जाते. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर धरते, पाचशे नाही. १२,००० किलोमीटरला तीन महिने आहेत, म्हणजे दिवसाला १३५ सुद्धा पडत नाहीत. घाई कशाची?

लांबपल्ला

सरासरी तशी पडते, दिवस तसे पडत नाहीत. पावसात अडकलात, एखादा भाग मागवायला आठवडा गेला, की पुढच्या दिवसांना ४०० पडतात. तेव्हा मोठ्या गाडीची किंमत कळते.

दहाचापाना

एखादा भाग मागवायची वेळ छोट्या, साध्या गाडीवर कमी येते, हेही त्यातच धरा. जितकं इलेक्ट्रॉनिक जास्त, तितकं रस्त्याकडेच्या मेकॅनिकच्या हातात कमी.

आणि पत्र्याचे कडक पेटारे नकोत, कुठल्याही गाडीला. रेतीत पाय टेकवला, गाडी पुढे गेली, तर पेटारा पोटरीवर येतो. कापडी बॅगा घ्या.

आडवाट

दोन्ही गाड्या मित्रांकडून एकेका दिवसासाठी मिळाल्या. दोन्हींवर तेच २५ किलो सामान बांधलं आणि गवतात आडव्या केल्या. पाठ गाडीकडे, हँडल पूर्ण वळवून खालची मूठ धरायची, दुसरा हात मागच्या पट्टीला, आणि पायांनी मागे रेटत चालत जायचं. ३०० सलग सहादा उचलली. टेनेरे तीनदा. चौथ्यांदा गुडघ्यापर्यंत आली आणि पाय घसरला.

मग लांबपल्लांसाठी ३०० घेऊन वाऱ्यात अडीचशे किलोमीटर गेलो. तुम्ही म्हणालात ते अगदी खरं निघालं. दीड तासात बूड दुखायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या आणि ट्रकमागे दोनदा मीच माघार घेतली.

तरीही हलकीच घेतोय, पण सीआरएफ ३०० रॅली: टाकी १२.८ लिटर, पुढे वारा अडवणारी काच, वजन १५३ किलोच्या आसपास. सामान २५ वरून १७ वर आणलं. दुसरी पँट गेली, खुर्ची गेली, स्वयंपाकाचं अर्धं गेलं. दिवसाला ३०० च्या वर जायचं नाही आणि ओव्हरटेकचा नियम डोंगरवेडीचा.

लांबपल्ला

मी आजही टेनेरेच घेतली असती. चौथ्यांदा उचलली नाही, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. पण डांबरावर थकलेला माणूस चौथ्यांदा पडतोच का, हा माझा प्रश्न उभा आहे. सीटवर मेंढीची कातडी टाका आणि दर तासाला उतरून चाला.

दहाचापाना

सतरा किलो बांधल्यावर मागचं सस्पेन्शन मोजलंस का? गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी, तेव्हा अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर घे. मग सामान, पूर्ण कपडे आणि तू, असं बसून पुन्हा घे. गाडी सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त बसत असेल तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढव, आणि संपूर्ण वाढवूनही बसत असेल तर स्प्रिंग बदल. आकडे इथे टाक, बघतो.