रसेलचं 'चिनूकची वाट' हे चित्र शाळेत लावतोय, खाली ओळ काय लिहू?

कलाशिक्षक, अंबाजोगाई
नमस्कार मंडळी. शाळेच्या व्हरांड्यात 'दुष्काळ आणि चित्रकार' असा तक्ता लावायचाय. त्यात अमेरिकेच्या चार्ल्स रसेलचं एक चित्र घेतलंय. बर्फात एकटं जनावर उभं आहे, बरगड्या मोजून घ्याव्यात इतकं वाळलेलं, आणि भोवती लांडगे टपलेले. प्रिंट घरी आणली तर वडील चष्मा लावून बघत बसले. म्हणाले, "ढवळ्या शेवटी असाच दिसत होता." बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी पुण्याच्या थोरल्या काकांना कार्ड टाकलं होतं: "बैल विकले. बाकी ठीक." काकांच्या ट्रंकेत ते अजून आहे.

तर, खाली मी लिहिलंय, "पाश्चात्य इतिहासातून प्रेरणा घेतलेले चित्रकार व शिल्पकार". बरोबर आहे का? आणि चिनूक म्हणजे काय? आमच्या पोरांना फक्त हेलिकॉप्टर माहिती.

जुना ग्रंथपाल
सर, 'पाश्चात्य' आधी खोडा. वाचणाऱ्याला वाटेल गडी रोमचे सम्राट रंगवत होता. तिकडं 'वेस्टर्न' म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग: गुराखी, रानगव्यांचे कळप, तिथले मूळ रहिवासी. रसेलचा जन्म १८६४ चा, सेंट लुईसचा. सोळाव्या वर्षी पश्चिमेकडच्या माँटाना प्रांतात गेला आणि रात्रीची जनावरं राखू लागला. चित्रकला बहुतेक स्वतःच शिकला.

१९१२ साली हेलेनाच्या (माँटानाची राजधानी) विधानभवनासाठी त्यानं साधारण २५ फूट लांबीचं चित्र केलं. विषय लुईस आणि क्लार्क यांची मोहीम, म्हणजे अमेरिकी सरकारनं पश्चिमेचा मुलूख शोधायला पाठवलेले दोघं, पण ते बाजूला, मागं. पुढची सगळी जागा घोड्यांवरच्या सॅलिश लोकांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना दिलीय. सरकारी कामात एवढी हिंमत मला तरी फार आवडते.

गुरांचा डॉक्टर, उदगीर
चिनूक म्हणजे रॉकी पर्वतावरून खाली येणारा कोरडा, उबदार वारा. तो सुटला की काही तासांत बर्फ वितळतं आणि खालचं गवत उघडं पडतं. आपण मृगाची वाट बघतो ना, तसंच.

१८८६ चा उन्हाळा तिकडं कोरडा गेला होता. कुरणावर गुरं जास्त, गवत कमी. मग हिवाळ्यात बर्फ पडलं, थोडं वितळलं, परत गोठलं. वर कडक थर. जनावराला खुरानं उकरता येईना. आणि सगळी गुरं उघड्यावर सोडलेली, गंजी घालून ठेवायची पद्धतच नव्हती. आपल्याकडं गरीबातला गरीब माणूसही चार पेंढ्या कडबा राखून ठेवतो. (छावणीत ड्युटी केलीय, म्हणून हे जरा जास्तच लागतं.)

मालकानं पत्रानं विचारलं, कळप कसाय? मुकादम उत्तर लिहायच्या विवंचनेत. रसेलनं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हे जलरंगात काढलं आणि उत्तर म्हणून तेच गेलं. मूळ चित्र पोस्टकार्डाएवढंच आहे. त्यावरच त्याचं नाव झालं.

मूर्तिकार, संभाजीनगर
शिल्पाचं कुणी बोलेना म्हणून लिहितो. रसेल खिशात मेण ठेवायचा आणि गप्पा मारता मारता बोटांनी घोडा, गवा करायचा. १९०४ चं 'स्मोकिंग अप' हे त्याचं ब्राँझमधलं पहिलं काम, उधळलेल्या घोड्यावर पिस्तूल उडवणारा गुराखी. ओतकाम न्यूयॉर्कला झालं. मेणाच्या नमुन्यावर लेप चढवायचा, भट्टीत मेण वितळून काढायचं, राहिलेल्या पोकळीत धातू ओतायचा. बस्तरचे ढोकरावाले कारागीर मेणाचंच तंत्र वापरतात.

पोरांना मधमाशीचं मेण द्या, हाताच्या उबेनं मऊ होतं. पोळ्याचे बैल करणाऱ्या पोरांना वेगळं शिकवावं लागणार नाही. फक्त नुसती काळी माती नको, वाळली की भेगा पडतात.

कलाशिक्षक, अंबाजोगाई
आभार सगळ्यांचे. पोस्टकार्डाएवढं हे माहीतच नव्हतं. मी ते तीन फूट मोठं करून छापलंय. आता मूळ मापाचं एक शेजारी लावतो.

नवी ओळ: "चार्ल्स रसेल (१८६४–१९२६), अमेरिकेच्या पश्चिमेतला गुराखी, चित्रकार, शिल्पकार. मालकाच्या पत्राला दिलेलं उत्तर." चालेल?

रात्री वडिलांना विचारलं, काकांना तुम्ही चित्र पाठवलं असतं तर काय काढलं असतं? म्हणाले, "दावं. बैल बाजारात गेले होते, समोर तेवढंच होतं."

पोस्टात चाळीस कार्डं सांगितलीत. पोरांना एवढंच सांगणार: मामानं विचारलंय, गुरं कशी आहेत? अक्षर न लिहिता कळवा. हेडमास्तर म्हणतात कार्डांचं बिल कुठल्या खात्यात टाकू, ते मात्र कुणी सांगितलं तर बरं.