जावाची नोंदणी करा, झेब्राची नको: हा कसला नियम?

जालन्याचा पिंजरेवाला
गच्चीवर पक्ष्यांची आठ बाय सहाची कॉलनी, म्हणजे मोठा पिंजरा, आहे. झेब्रा फिंच या दाणे खाणाऱ्या इवल्या पक्ष्यांच्या सहा जोड्या, जावा चिमणीच्या दोन. परवा मित्र म्हणाला, जावाची नोंदणी केली नसशील तर अडकशील. बघितलं तर खरंच. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जाती अनुसूची ४ मध्ये आल्या आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला सहा महिने दिले. मुदत कधीच संपली! झेब्रा यादीत नाही, जावा आहे. दोघं एकाच ताटलीत राळं खातात राव.

माझ्या जावा २०१९ ला आठवडी बाजारातून घेतलेल्या. बिल कुठलं? बुटाच्या खोक्याला भोकं पाडून दिल्या होत्या. आता कागद कुठून आणू? पिल्लू निघालं कळवा, मेलं कळवा, कुणाला दिलं तर कळवा. मी काय वाघ पाळलाय?

गोदाकाठ
ताटलीचा काय संबंध? जावा इंडोनेशियाची. पिंजऱ्यासाठी इतकी धरली की रानात विरळ झाली, म्हणून १९९७ पासून यादीत आहे. झेब्रा ऑस्ट्रेलियात ढिगानं आहे, म्हणून नाही. तुमची पिंजऱ्यातल्याच पैदाशीची असेलही, पण कागदाशिवाय ते कोण मानणार?

जालन्याचा पिंजरेवाला
माझ्यातली एक जोडी पांढरीशुभ्र आहे. तशी रानात असते का?

गोदाकाठ
कायदा जात बघतो, रंग नाही.

पैठणकर
रंगावरून आठवलं. मावसभावानं लेकरासाठी चार ‘फॉरेनच्या फिंच’ आणल्या, हिरव्या-गुलाबी. दुसऱ्या दिवशी वाटीत आंघोळ केली आणि पाणी गुलाबी! खालून निघाली आपली ठिपकेवाली मुनिया. ज्वारी हुरड्यात आली की थवे उतरतात, तिथंच जाळी लागतात. देशी पक्ष्यांचा व्यापार बंद होऊन तीस वर्षं उलटली. तिची नोंदणी वगैरे काही नसते, पाळायलाच बंदी. तरी ती उघड्यावर विकायलेत, आणि आपण जावावाल्याच्या मागं लागलोय. माझा आक्षेप एवढाच.

गोदाकाठ
म्हणूनच मी म्हणतो, सगळ्याच फिंचची नोंद हवी. झेब्राचीसुद्धा. मग रंगवलेली मुनिया खपवणं अवघड होईल.

जालन्याचा पिंजरेवाला
जो मुनिया रंगवतो तो फॉर्म भरणार व्हय? झेब्रा वर्षात तीन-चार खेपा अंडी घालतात. मे महिन्यात पत्रा तापतो, कधी पिल्लं दगावतात. तेव्हा मी गोणपाट भिजवू का पोर्टल उघडून बसू?

लातूरचा राघू
दादा, भांडण नंतर. जावाची पिल्लं कुणाला विकू नका, फुकटही देऊ नका. त्यांची अंडी घालायची मडकी काढून ठेवा म्हणजे संख्या वाढणार नाही. आणि वनविभागात स्वतः जाऊन सांगा, त्यांनी येऊन विचारायच्या आधी.

(माझं नाव राघू असलं तरी घरात राघू नाही. तोही पाळता येत नाही, हे कुणीतरी आमच्या आत्याला सांगा.)

जालन्याचा पिंजरेवाला
सोमवारी जातो. नियम पटला म्हणून नाही, झोप लागेना म्हणून. जावाची मडकी काल काढली. मादी सकाळपासून रिकाम्या खिळ्यावर जाऊन बसायलीय. झेब्राच्या मडक्याला मात्र हात लावू देणार नाही, गोदाकाठ साहेब.