पापण्यांच्या कडांना सूज आल्यामुळे आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे गेली आहे

प्रश्न

माझी आई ६७ वर्षांची आहे. तिच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढण्याची तारीख ठरली होती. परंतु तपासणीत पापण्यांच्या कडांना सूज, म्हणजे ब्लेफरायटिस, असल्याचे सांगून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकलली. औषध म्हणून शेक, पापण्यांची स्वच्छता आणि रात्री लावायचे मलम एवढेच दिले आहे. सकाळी तिच्या पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात, डोळ्यांत खडा गेल्यासारखे टोचते आणि वर्षभरात दोनदा रांजणवाडी झाली. पण हे वयामुळे होते, असेच आम्ही धरून चाललो होतो. मागे औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांनी दोन दिवसांत आराम पडला होता, म्हणून तेच पुन्हा घालावेत असे ती म्हणते. पापणीच्या सुजेचा मोतीबिंदूशी संबंध काय, आणि शेक नेमका कसा द्यावा?

प्रतिसाद १

मी नेत्रतज्ज्ञ आहे. तुमच्या डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झालाच, तर ते जंतू बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांवरचे आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरचेच असतात. दुसरे कारण शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाच्या नंबराचे आहे. पापणीच्या कडेला तैलग्रंथींची बारीक तोंडे असतात. वरच्या पापणीत साधारण ३० ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० अशा या ग्रंथी असतात. त्यांतून निघणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते, त्यामुळे अश्रू लवकर उडून जात नाहीत. आजारात हे तेल घट्ट होते. पापणी दाबली की निरोगी माणसात स्वच्छ, पातळ थेंब दिसतो, तर अशा रुग्णात टूथपेस्टसारखा पांढरट लगदा बाहेर येतो. मग अश्रूंचा थर जागोजागी फाटतो, बुबुळाच्या वक्रतेचे माप दर वेळी निराळे येते आणि त्यावरून काढलेला भिंगाचा नंबर चुकू शकतो.

शेकाचा उद्देश हे घट्ट झालेले तेल वितळवणे हा आहे. त्यासाठी सुमारे ४० अंश सेल्सिअसची ऊब पाच ते दहा मिनिटे टिकली पाहिजे. शेकानंतर लगेच, डोळे मिटलेले असताना, स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, म्हणजे दोन्ही वेळा कडेच्या दिशेने, हलकेच चोळावी. त्यानंतर पापण्यांसाठी मिळणाऱ्या वाइप्सने, किंवा उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने, केसांच्या मुळाशी धरलेल्या खपल्या पुसून काढाव्यात आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा.

थेंबांबाबत मात्र कळकळीने सांगतो: आधी बाटलीवरचे नाव वाचा. झटपट आराम देणाऱ्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. देखरेखीवाचून ते घालत राहिल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

प्रतिसाद २

मला हा त्रास बरीच वर्षे आहे, म्हणून व्यवहारातली एक अडचण सांगते. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोनेक मिनिटांतच थंड होतो, त्यामुळे शेक दिल्याचे समाधान मिळते, पण उपयोग होत नाही. मी सुती कापडाच्या पुरचुंडीत कोरडे तांदूळ भरून ते गरम करते, हाताने हलवून ऊब सारखी करते आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहते. तिथे चटका बसला तर डोळ्यावर ठेवत नाही. आई वयस्कर आहेत, तेव्हा हे तुम्ही स्वतःच पाहा. सुरुवातीला दिवसातून दोनदा, आणि बरे वाटू लागल्यावरही रोज एकदा शेक द्यावा लागतो. बरे वाटले म्हणून मी दोनदा सोडून दिले आणि दोन्ही वेळा महिन्याभरात पापण्या पुन्हा चिकटू लागल्या.

प्रश्नकर्ता

आपल्या दोघांचे मनापासून आभार. बाटलीवर डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे नाव आहे. ती आजच टाकून देतो. आईच्या डोक्यात कोंडा फार आहे आणि ती रोज काजळ घालते. याचा काही संबंध आहे का?

प्रतिसाद १

दोन्हींचा संबंध आहे. कोंड्याचा त्वचाविकार पापण्यांच्या कडांवरही असू शकतो, म्हणून डोक्याचे उपचारही सोबतच करून घ्या. कडेच्या आत भरलेल्या काजळाने ग्रंथींची तोंडे बुजतात, तेव्हा शस्त्रक्रिया होईपर्यंत तरी ते बंद ठेवावे. केसांच्या मुळाशी नळीसारख्या खपल्या असतील, तर डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे कारणीभूत असू शकतात. स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते निदान लगेच होते. त्यावर टी ट्री तेल घरी लावू नका, कारण शुद्ध तेलाने डोळ्याला इजा होते.

एक गोष्ट आवर्जून पाहा. एकाच पापणीची कड जाड राहिली, तिथले केस गळाले किंवा गाठ त्याच जागी पुन्हा पुन्हा झाली, तर ती साधी सूज समजू नये. क्वचित तो तैलग्रंथीचा कर्करोग असतो आणि तुकडा काढून तपासावा लागतो. आईंना दोनदा झालेली रांजणवाडी एकाच जागी होती का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य सांगा.