आखूड आतड्याच्या मुलीसाठी दह्याचे विरजण कोणते निवडावे?

प्रश्न – कोथरूडची आई
नमस्कार. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तान्ही असताना झालेल्या शस्त्रक्रियेत तिच्या लहान आतड्याचा बराच भाग काढावा लागला. गेल्या महिन्यात अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर मी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून आठ जिवाणूंचे मिश्रण असलेली पूड सुरू केली, आणि चौथ्या दिवशी ती पेंगुळली, जीभ जड झाल्यासारखी बोलू लागली, चालताना तोल जाऊ लागला. रक्तातले लॅक्टेट नेहमीच्या तपासणीत ठीक आले होते. डी-लॅक्टेट, म्हणजे आतड्यातले काही जिवाणू बनवतात तो लॅक्टेटचा दुसरा प्रकार, वेगळे मोजल्यावर कारण कळले. असे जिवाणू टाळा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. पण आमच्याकडचे विरजण सासूबाई लग्नानंतर माहेरून घेऊन आल्या, तेव्हापासूनचे. दही बंद करावे का?

उत्तर – सहकारनगर
ताई, माझ्या मुलाचीही गत हीच आहे. नेहमीच्या तपासणीत फक्त एल-लॅक्टेट, म्हणजे आपले शरीर स्वतः बनवते तो प्रकार, दिसते, म्हणून हा घोटाळा लवकर उमगत नाही. घरच्या विरजणात कोणकोणते जिवाणू आहेत ते कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे मी ते त्याच्यापुरते थांबवले. विकतच्या योगर्टमध्ये सहसा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस अशी जोडी असते. त्यातला पहिला एल-लॅक्टेट बनवतो, दुसरा मात्र डी-लॅक्टेट. म्हणजे ‘साधे दही तर आहे’ हा दिलासा आपल्या मुलांच्या बाबतीत खोटा ठरतो. प्रोबायोटिकमध्ये आढळणारे ॲसिडोफिलस आणि प्लांटारम हे जिवाणू दोन्ही प्रकारचे लॅक्टेट तयार करतात. वेष्टनावर नुसते ‘प्रोबायोटिक’ लिहिले असेल आणि जिवाणूंची पूर्ण नावे नसतील, तर मी ते वेष्टन जागच्या जागी ठेवून देते.

आम्ही डॉक्टरांना विचारून फक्त थर्मोफिलस असलेली विरजणाची पूड आणतो. दूध उकळून, बोट सहज बुडवता येईल इतके, म्हणजे ४२-४३ अंशांपर्यंत निववते, पूड घालते आणि पातेली शालीत गुंडाळून ठेवते; पुण्याच्या डिसेंबरात एवढे लाड करावेच लागतात. या दह्याचे विरजण पुन्हा वापरत नाही, कारण दोन-चार वेळा लावले की ओट्यावरचे पाहुणे त्यात शिरतात.

उत्तर – प्रयोगशाळेत काम करणारा
वरील माहिती योग्य आहे, परंतु एक भर घालतो. मुलीला शिरेतून पोषण देण्यासाठी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत कायम ठेवलेली नळी) असेल, तर एल-लॅक्टेट बनवणारा जिवाणूही आपल्या मनाने देऊ नये. ऱ्हॅम्नोसस जीजीसारखा एरवी सुरक्षित मानला जाणारा जिवाणूदेखील अशा मुलांच्या रक्तात सापडल्याची उदाहरणे आहेत. बोलार्डी हे प्रोबायोटिक तर यीस्ट आहे. त्याची कुपी लाइनजवळ उघडूसुद्धा नये. शिवाय डी-लॅक्टेट बनवणाऱ्या जिवाणूंना खाद्य मिळते ते न पचलेल्या साखरेतून, तेव्हा दह्यात साखर घालून देऊ नका.

कोथरूडची आई
सेंट्रल लाइन दोन वर्षांपूर्वीच काढली आहे. तरीही गुरुवारी थर्मोफिलसच्या पुडीचे वेष्टन डॉक्टरांना दाखवूनच सुरू करेन. सासूबाईंचे विरजण बाकीच्यांसाठी चालू राहील. मुलीच्या पातेलीला वेगळा चमचा ठेवला आहे, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून.