रात्री नको, वहीत करा

कोडिंगच्या मुलाखतीची तयारी करायचीय, पण हिंजवडीहून रात्री नऊला घरी पोचल्यावर डोकं चालत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अगदी खरं. म्हणून रात्रीचा नादच सोडा. मी कोथरूडहून कंपनीच्या बसने जायचो. वाकडच्या पुलापाशी बस अडकली की कालचाच कोड, न बघता, वहीत पेनाने लिहायचो. चुका तिथेच कळतात. बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर फेरीला अर्धा भाग वगळत शोधताना, डावी हद्द मधल्या इंडेक्सच्या (घटकाच्या क्रमांकाच्या) एक पुढे सरकवली नाही, तर दोन घटक उरल्यावर लूप, म्हणजे त्याच फेऱ्यांचं चक्र, कधीकधी संपतच नाही. दहा लाख घटकांना जेमतेम २० फेऱ्या, हे सगळ्यांना पाठ असतं. ती हद्द मात्र हाताने लिहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

तयारीला तीनशे प्रश्न सोडवायलाच हवेत, हा आकडा विसरा हो. शनिवारी मित्रासमोर ४५ मिनिटं, मोठ्याने बोलत, एकच प्रश्न सोडवा. अडलात तरी गप्प बसू नका.