माजघराला ऑफ-व्हाइट लावू का नको?

शहापूरकर:
आमचं घर शहापुरात जुन्या गल्लीत, लांबच लांब, दोन्ही अंगाच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, खिडकी काय ती पुढं रस्त्याला नि मागं परसात. माजघरात भर दुपारी पण बल्ब लागतो. सध्या पिस्ता हाय, काळवंडलेला. दसऱ्याच्या आधी आयव्हरी लावायचं म्हणतोय. आई म्हणते दवाखाना वाटंल. मला तसं वाटत न्हाई, गडद भिंत उजेड गिळते, फिकट भिंत आलेला उजेड परत खोलीत टाकते, अंधाऱ्या घराला दुसरा इलाज काय?

खानापूरची काकू:
नको रे बाबा. आमच्याकडं तांबडी माती नि चार महिने पाऊस. क्रीम लावलं होतं, दुसऱ्या पावसाळ्यात खुंटीवरच्या रेनकोटाखाली तांबडे ओघळ, फडक्यानं पुसलं तर अजूनच पसरले. आमची आजी खाली दोन फूट काव, म्हणजे गेरू, नि वर चुना लावायची, त्यात नीळ घालून. खालचा डाग कधी दिसलाच न्हाई.

शहापूरकर:
काकू, तुमचं डिस्टेंपर असणार, ते ओल्या फडक्याला टिकत न्हाई. धुता येणारं इमल्शन लावलं की झालं.

खानापूरची काकू:
इमल्शनच होतं. पायथ्यातनं ओल चढत असंल तर वरनं कुठलाबी डबा ओत, फुगा येऊन पापुद्रा सुटणारच. आणि फिकटावर तो पापुद्रा डोळ्यात खुपतो.

निपाणीकर:
मला तर हे सगळीकडचं फिकट बघून कंटाळा आलाय, नव्या घरात गेलं की कुणाच्या घरात आलोय तेच कळत न्हाई. आमच्या वाड्यात देवळ्या, म्हणजे भिंतीतले दिव्याचे कोनाडे, निळ्या होत्या, समई लावली की काय दिसायच्या!

वडगावचा रंगारी:
२२ वर्षं ब्रश धरलाय म्हणून सांगतो. ऑफ-व्हाइट कधी नुसता पांढरा नसतो, त्यात पिवळा, तांबडा न्हाईतर काळा टिंट थोडा तरी असतोच. दुकानातल्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पसंत केलेला शेड घरातल्या ३००० च्या पिवळ्या बल्बखाली वेगळाच दिसतो, आणि मग शिव्या आम्हाला. खाली शहाबादी फरशी असंल तर करडी झाक असलेला ऑफ-व्हाइट अजिबात घेऊ नका, राखेसारखा दिसतो, दवाखाना वाटतो तो त्यानंच. पिवळसर घ्या. दोन फुटाच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, वाळू द्या, आणि तो माजघरातच सकाळी, दुपारी, रात्री भिंतीला टेकवून बघा. काकूंचं ओलीचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. तळाला हातभर प्लास्टिक चारी बाजूनी टेप लावून एक दिवस ठेवा, आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतली हाय, रंग लावू नका एवढ्यात.

निपाणीकर:
अण्णा, ते सगळं ठीक, पण देवळी तरी रंगवायला सांगा त्यांना.

शहापूरकर:
प्लास्टिक लावलं होतं, आज काढलं. तळाला आतनं थेंबच थेंब, छातीइतक्या उंचीवर मात्र कोरडं ठणठणीत. पुठ्ठा पण बघितला, करडा खरंच राखेसारखा, पिवळसर आयव्हरी दिवा लावल्यावर लोण्यासारखा दिसतोय. वर तोच. खालचं प्लास्टर खरवडून उन्हाळ्यापर्यंत उघडं ठेवतो, मग काकूंची काव. आई पुठ्ठ्याकडं बघत बसली होती, हो म्हटली न्हाई अजून, पण देवळी निळी कर म्हणाली.