कृष्णाकाठचे घाट आणि उत्सव: आपापले अनुभव लिहा

माहेर_वाई
परवा भाच्याने वाईहून कृष्णाबाईच्या उत्सवाचे छायाचित्र पाठवले. नदीच्या पात्रात रोवलेले मांडवाचे खांब, मागे घाटाच्या काळ्या पायऱ्या आणि पायऱ्यांवर ओटीची ताटे घेऊन बसलेल्या बायका, एवढेच त्यात होते, पण ते पाहिल्यावर काही केल्या कामात लक्ष लागेना. माहेरी माघ उजाडला की घरातल्या सगळ्या गोष्टी उत्सवाच्या तारखा पाहूनच ठरत असत. वाईला नदीकाठी सात आळ्यांचे सात घाट आहेत आणि भीमकुंड आळीपासून सुरुवात होऊन प्रत्येक आळीत कृष्णाबाई पाळीपाळीने मुक्कामाला येते. अफजलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि १६५९ साली खान मारला गेल्यावर तो फेडण्यासाठी हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा आमच्या आजीने आम्हाला सांगितली आणि तिला तिच्या आजीने.

मला सर्वांत जास्त आठवते ती प्रसादाची पंगत. घाटाच्या पायरीला पाण्याकडे किंचित उतार असतो, त्यामुळे पत्रावळीवरची आमटी भातातून वाट काढत थेट मांडीकडे निघे. जाणत्या बायका आधी भाताचा बांध घालून मगच आमटी वाढून घेत. वाढप्याने घाई केली, तर त्याला सरळ थांबवत. आळ्या-आळ्यांमध्ये कोणाचा मांडव मोठा आणि कोणाचा कीर्तनकार चांगला यावरून चुरस असे, पण आपल्या आळीतून देवी पुढच्या आळीत निघाली की मोठमोठ्या बायकांचे डोळे भरून येत, जणू पुढची आळी परगावीच आहे.

कृष्णाकाठच्या कोणत्याही गावचा अनुभव असेल तर अवश्य लिहा.

गणपती_आळीवाला
ताई, आमच्या आळीचा मांडव मोठा असे, हे तुम्ही लिहिले नाही तरी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. ढोल्या गणपतीबद्दल मात्र लिहायला हवे होते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेले हे देऊळ घाटाला अगदी लागून आहे आणि एकाच दगडातली ती प्रचंड मूर्ती पाहायला येणारे लोक दर्शन घेऊन पुढच्या दाराने परत जातात. माझी सर्वांना विनंती आहे की एकदा देवळाच्या पाठीमागे जावे. ती भिंत माशाच्या आकाराची, टोकदार बांधलेली आहे, म्हणजे पुराचा लोंढा थेट भिंतीवर न आदळता टोकाशी फुटून दोन्ही अंगांनी निघून जातो. पुरात मी ते वरच्या बाजूने उभा राहून पाहिले आहे. गढूळ पाणी टोकाशी फेसाळते, दुभंगते आणि देवळाच्या पुढे काही अंतरावर पुन्हा एक होते. त्यानंतर मला मूर्तीपेक्षा ती भिंतच अधिक बघावीशी वाटते. (घरी हे बोललेले चालत नाही.)

वाडीची_सून
तुमच्याकडे माघात नदी ओसरल्यावर उत्सव होतो आणि आमच्या नृसिंहवाडीला ती दुथडी भरून देवळात शिरते तेव्हा उत्सव होतो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर औदुंबराखाली नृसिंह सरस्वतींच्या मनोहर पादुका आहेत आणि देऊळ घाटावरच, नदीच्या हाताशी आहे. पाणी चढू लागले की ते उत्तरेच्या दारातून आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वारातून बाहेर येणाऱ्या पाण्यात स्नान करायला मिळावे म्हणून कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून माणसे रात्री-अपरात्री गाड्या काढून येतात, कारण पाणी फार चढले की ते दारही बुडते आणि ओसरले की योग हुकतो.

लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात सासूबाईंनी पहाटे हाक मारली आणि केस बांधायलाही वेळ न देता मला घेऊन निघाल्या. दारापाशी दोर धरून माणसे उभी होती. पाणी गुडघ्याच्या वर होते, थंडगार होते आणि त्याला मातीचा व ओल्या फुलांचा वास होता. पायाखालची फरशी दिसत नव्हती, पण सासूबाई प्रत्येक पायरीच्या आधी "आता खाली" असे सांगत होत्या, इतका त्यांच्या तळव्यांना घाट पाठ होता. मागून कोणीतरी "दिगंबरा दिगंबरा" सुरू केले आणि दोर धरलेल्या सगळ्यांनी ते उचलून धरले. भक्ती किती होती ते मला सांगता येणार नाही. त्या वेळी मुख्यतः मी सासूबाईंचा पदर घट्ट धरून होते.

जाता जाता एक सांगते. या देवळाला शिखर नाही. हे देऊळ विजापूरच्या आदिलशहाने बांधून दिले, अशी आख्यायिका वाडीत सगळे सांगतात.

खवय्या_सांगलीकर
वहिनी, वाडीबद्दल एवढे लिहिले आणि बासुंदीचा व कवठाच्या बर्फीचा उल्लेखही केला नाही, याचा मी सौम्य शब्दांत निषेध नोंदवतो.

वाडीची_सून
भाऊजी, बासुंदीसाठी स्वतंत्र धागा काढावा लागेल. येथे देवाचे चालू आहे.

संगमाजवळ
आम्ही कऱ्हाडचे. उत्तरेकडून कृष्णा आणि दक्षिणेकडून कोयना अशा समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र पूर्वेकडे वळतात, म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तेथेच आहे. त्यांचे निधन २५ नोव्हेंबर १९८४ रोजी झाले आणि दर वर्षी त्या दिवशी समाधीवर सर्व पक्षांची माणसे येतात. माझ्या वडिलांचा दशक्रिया विधी याच काठावर झाला. कावळा शिवत नव्हता, तेव्हा माझे काका पुढे होऊन मोठ्याने म्हणाले, "दादा, आंब्याच्या झाडाचा वाद मी मिटवतो." त्यानंतर कावळा आला. काकांनी वाद खरोखरच मिटवला. त्यामागे श्रद्धा होती की चारचौघांत दिलेल्या शब्दाचा दाब होता, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

माहेर_वाई
वाचून गलबलले. काकांना नमस्कार सांगा.

मेणवलीची_घंटा
वाईला जाणाऱ्यांनी जवळच्या मेणवलीला जावेच. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा अर्धचंद्राकृती घाट येथे आहे. चित्रपटवाल्यांमुळे आता पुष्कळांना तो ओळखीचा वाटतो. घाटावरच्या लहानशा मंडपात जी मोठी घंटा आहे ती पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तिकडच्या चर्चमधल्या घंटा आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत दिल्या. भीमाशंकरलाही अशीच एक आहे. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे. मी ती बोटाने चाचपून पाहत असताना शेजारी कपडे धुणाऱ्या आजींनी विचारले, "काय बघतोस रे एवढं?" मी सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे की, लेकरू घेतलेली बाईच आहे ना?" आणि पुढचे कापड आपटायला घेतले.

आयर्विनखालून
मी सांगलीचा. आमच्याकडे नदीचे दर्शन आकड्यांनी होते. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले आणि आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर आईने सर्वांत आधी चिखल काढला नाही, नदीवर जाऊन ओटी भरली. मला त्या वेळी तिचा भयंकर राग आला होता आणि खरे सांगायचे तर आजही तो पूर्ण गेलेला नाही. दक्षिणद्वाराची वर्णने वाचताना मन भरून येते आणि त्याच वेळी पाणी आता किती फुटांवर असेल हा हिशोबही डोक्यात सुरू होतो.

वाडीची_सून
त्या वर्षी वाडीचे देऊळही पूर्ण पाण्यात होते. तुमचा राग समजतो. आमच्याकडेही तेव्हा कोणी दक्षिणद्वार म्हणत नव्हते, सगळे गुरे आणि म्हातारी माणसे हलवण्यात गुंतले होते.

पुण्याहून_विचारतो
कन्यागत म्हणजे काय ते कोणी सांगेल का? आई सारखी त्याविषयी बोलते आहे.

गणपती_आळीवाला
गुरू कन्या राशीत आला की त्या वर्षभरात गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे. गुरूला राशीचक्र पुरे करायला सुमारे बारा वर्षे लागतात, म्हणून हा योगही तेवढ्याने येतो. मागचा २०१६ साली आला होता, त्यामुळे पुढचा २०२८ च्या सुमारास येईल. वाई आणि वाडी दोन्हीकडे मोठी गर्दी असते. आईंना चालण्याचा त्रास असेल तर मुख्य पर्वाचे दिवस टाळा आणि नंतर सावकाश या, योग वर्षभर असतो.

पुण्याहून_विचारतो
गुडघे दुखतात, पण पहिल्याच दिवशी जायचे म्हणते.

माहेर_वाई
मग पहिल्याच दिवशी आणा. मात्र घाट वरून खाली उतरताना एक जण पुढे आणि एक जण मागे असू द्या आणि पायात चपला ठेवू नका. शेवाळावर अनवाणी पाय जास्त चांगला धरतो.